चौदाची गाडी नऊवर

कळमन्याच्या भाजीबाजाराच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागली की आम्ही ड्रायव्हर लोक एका जागी उभे राहतो आणि किस्से सुरू होतात. मी बोलतो कमी, ऐकतो जास्त. पण मधले दोन महिने सगळे किस्से माझ्याच गाडीचे होते, आणि मला सोडून सगळे ते सांगत होते. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून टाकतो.

गाडी म्हणजे नानाजींची जुनी पिकअप. नानाजी राहतात हुडकेश्वरला, शेती उमरेडकडे. त्यांचा आणि आसपासच्या लोकांचा भाजीपाला गावोगाव गोळा करून मी कळमन्याला आणतो. फेरा रोज वेगळा. आठवीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे लायसन हाच माझा दाखला.

एक दिवस नानाजींनी विचारलं, "चौदा देणारी गाडी नऊ काहून देऊन राहिली गा?"

म्हणजे लिटरला नऊ किलोमीटर. टाकी भरताना मी मीटरचा आकडा लिहून आणतो, त्यावरून नानाजी हिशेब करतात. आदल्या आठवड्यात हीच गाडी साडेतेरा देत होती, त्याच्या आधी दहा. मला खरंच काही माहीत नव्हतं. पण घाबरलो की माझा आवाज जातो. मी खाली पाहत राहिलो. नानाजींनी "हं" केलं आणि घरात गेले.

माझ्या आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी डिझेल काढतो म्हणून घालवलं होतं. त्यानंतर कळमन्यात त्याच्या हातात कोणीच स्टिअरिंग दिलं नाही.

*

गाडी सलीमभाई मिस्त्रींकडे नेली. त्यांनी एअर फिल्टर झटकला, चारही टायरची हवा पाहिली, ब्रेक धरतो का म्हणून जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवलं. सायलेन्सरपाशी वाकून धुराचा वास घेतला. नानाजी स्टुलावर बसून सगळं पाहत होते.

शेवटी हात पुसत सलीमभाई म्हणाले, "गाडी एकदम तंदुरुस्त है, नानाजी. बीमार होगा तो ड्रायव्हर होगा."

ते गंमत करत होते. नानाजी हसले नाहीत.

*

मग नानाजींना वाटलं, टाकी पूर्ण भरतच नसेल, आत हवा राहत असेल. ते स्वतः पंपावर आले. गजू नावाचा माझा ड्रायव्हर मित्र तिथेच होता, त्यालाही कामाला लावलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी पिकअप गदागदा हलवतोय आणि नानाजी टाकीच्या तोंडाशी वाकून "अजून, अजून" म्हणताहेत. मागे हॉर्न वाजत होते. पंपावरचा माणूस म्हणाला, "काकाजी, पाळण्यात झोपवून राहिले का तिले?"

डिझेल गळ्यापर्यंत आलं. त्या टाकीला ॲव्हरेज निघालं दहा.

*

त्याच संध्याकाळी टाकीला कुलूप लागलं. चावी नानाजींच्या गळ्यातल्या दोऱ्याला. मला उलट बरं वाटलं, आता तर माझ्यावर कोणी बोट दाखवणार नाही.

त्या आठवड्यात गाडीने आठ दिलं.

गजू रांगेत सगळ्यांसमोर म्हणाला, "आता कुलूप बी पिऊन राहिली का गा?" सगळे हसले, मीही हसल्यासारखं केलं. पण दुपारी नानाजी फोनवर कोणाला तरी सांगत होते, "बंद टाकीतून काढते म्हणजे हा साधासुधा चोर नाही." त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला. आईने विचारलं, तर भूक नव्हती म्हणालो.

*

सलीमभाईंना माझी दया आली असावी. त्यांनी बाटली लावायचं ठरवलं. टाकी सोडून एक लिटर डिझेलची बाटली थेट इंजिनाला जोडायची आणि ती संपून गाडी बंद पडली की किती अंतर कापलं ते पाहायचं. यात लबाडीला जागाच नाही.

मी चालवत होतो, मध्ये सलीमभाई, खिडकीशी नानाजी. तीन किलोमीटरही झाले नसतील, गाडी आचके देत भर रस्त्यात बंद पडली. मागून ट्रक येत होते. नानाजी शांतपणे उतरले, रिकामी बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ऑटो करून घरी गेले.

ऑटो दिसेनासा झाल्यावर सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. इंजिनातून उरलेलं डिझेल एका नळीने परत येतं. ती नळी त्यांनी बाटलीत सोडलीच नव्हती, ती टाकीतच राहिली होती. बाटलीतलं डिझेल इंजिनातून फिरून टाकीत जाऊन पडलं होतं.

त्यांनी लगेच फोन करून चूक कबूल केली. नानाजी म्हणाले, "किती दिले तुले त्यानं?"

*

मग नानाजी स्वतः माझ्यासोबत फिरायला लागले. आठवडाभर रोज. गाडीने बरोबर चौदा दिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण नानाजी म्हणाले, "मी बसलो का चौदा. तू एकटा असला का आठ." मलाच वाटायला लागलं, आपण नकळत काही करतो की काय.

*

सोमवारी निघतानाच त्यांनी सांगितलं, "आज कळमन्यात पोचलो का गाडीची चाबी माझ्या हातात दे."

मी मान हलवली. म्हणजे उद्यापासून माझं काम बंद.

रस्त्यात देऊळ दिसलं की नानाजी नमस्कार करतात. तोही साधा नाही. बैलाच्या पाठीवर मारावी तशी डॅशबोर्डवर थाप, मग तोच हात कपाळाला. आमच्या मीटरचा काटा मी यायच्या आधीपासून बंद आहे, फक्त किलोमीटरचे आकडे फिरतात. चालवताना त्या आकड्यांकडे कोण पाहतो? त्या दिवशी नानाजींच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून मी आकड्यांकडे पाहत होतो.

आकडा जागचा हलत नव्हता. बराच वेळ.

मारुतीचं देऊळ आलं. थाप पडली. शेवटचा आकडा सरकायला लागला. पुढे मोठा खड्डा आला, आकडा थांबला. पुन्हा देऊळ, पुन्हा थाप, आकडा चालू.

दिघोरीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली.

"काहून थांबला?"

कसंबसं म्हणालो, "नानाजी, देवाले हात नका जोडू."

"काय म्हटलं?"

मी मीटरकडे बोट केलं. "कळमन्यापर्यंत फक्त. पाया पडतो जी तुमच्या."

त्यांनी एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. "चाल."

दिघोरीच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि आकडा पुन्हा थांबला. एक देऊळ गेलं. नानाजींचे ओठ हलले, हात नाही. दुसरं देऊळ गेलं. वाठोडा मागे पडला. आकडा तिथेच. नानाजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि वाकून मीटरच्या काचेला नाक लावलं.

पारडीजवळ देवीचं मोठं देऊळ आलं. मी गाडी हळू केली. नानाजींनी एक हात मांडीखालून काढला, पण तो हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"आता जोडू का गा?"