इंजिन आली

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांना दया आली म्हणून. पुण्यात जन्मभर रिक्षा चालवली. रेल्वेशी संबंध एवढाच, की फाटक बंद असलं की बिडी पेटवायची. आता इंग्लंडात, बेसिंगस्टोकला मुलाकडे असतो.

नातीला हिस्ट्रीत अमेरिकेची जुनी रेल्वे होती. ती म्हणायची, "आबा, तुम्हाला समजलं तर मला येतं." घरातला सगळ्यात ढ कोण, हे पोरीने बरोबर ओळखलं होतं. शाळेतून आली की टोस्ट खात मला मराठीत सांगायची. एक कंपनी पूर्वेकडून रूळ टाकत निघाली, दुसरी पश्चिमेकडून. गाड्या धावल्या तसे स्टीलचे कारखाने वाढले, माळावर गावं उभी राहिली. रुळांच्या आधी माती भरत जाणारी दोन्हीकडची माणसं तर समोरासमोर आली तरी थांबली नाहीत, एकमेकांच्या बाजूने तशीच पुढे खणत गेली.

"अगं, हाक मारायची ना," मी म्हटलं.

माझ्याशी दिवसभरात कोणी बोलायचं ते तेवढंच. चहा गार व्हायचा, पण मी उठायचो नाही.

एकदा ती म्हणाली, "मग तिथे इंजिन आली."

"आली? नटूनथटून आली का?"

सून हसली, मुलगा हसला, मी तर खोकला येईपर्यंत हसलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्यांनी रूळ टाकली." मी म्हटलं, "टाकली? मग बिचारी माहेरी गेली असेल." पुन्हा हशा. आमच्या रिक्षा स्टँडवर यालाच माया म्हणायचे. दुसरी माया मला कुठे येते?

तिसऱ्या दिवसापासून ती वरच्या खोलीत, कानात इअरफोन घालून, इंग्लिशमध्ये रिव्हिजन करायला लागली.

मग मी लायब्ररीतल्या इंग्लिशच्या क्लासला जायला लागलो. वर्गात सगळ्यात म्हातारा मी आणि सगळ्यात मागेही मीच. दोन वाक्यं घोकून घोकून पाठ केली आणि एका संध्याकाळी जिन्यात तिला गाठलं.

"टेल मी रेल्वे. आय अंडरस्टँड."

तिने एका कानातला इअरफोन काढला. "आबा, एक्झाम झाला... झालं..." माझ्या तोंडाकडे बघत ती थांबली. मी हसणार नव्हतो, पण तिला काय माहीत. "इट्स ओव्हर, आबा," म्हणाली आणि वर गेली.

हाक मारायला तोंड उघडलं होतं. मराठीत मारू की इंग्लिशमध्ये, ते ठरेपर्यंत दार लागलं.