मेलेल्या मोटरी

गाडीच्या खिडकीची काच अडकली की लोक त्याच्याकडेच येत, कारण तो उगाच दार खोलत बसत नसे. दाराच्या पत्र्याला कान टेकवायचा आणि म्हणायचा, "बटण दाबा." आतून मोटर गुरगुरली की निदान तयार: तार तुटली, काच क्लिपमधून सुटली, नाहीतर कडेचं रबर वाळून काचेला आवळतंय. आतून काहीच आलं नाही, तरच म्हणायचा, "मेली. बदलावी लागेल." गल्लीनं त्याचं नाव वैद्य ठेवलं होतं.

"तीस वर्षांत एक चांगली मोटर बदललेली नाही," हे त्याचं पालुपद. बायको वैतागून म्हणायची, "कळलं हो! लागून गेले हरिश्चंद्र!" पण त्या माणसाकडे मिरवण्यासारखं दुसरं होतं काय? गॅरेज थोरल्या भावाचं. दादा गल्ल्यावर बसायचा, नवे पार्ट मागवायचा. याच्या वाट्याला दारं आणि हा एक शब्द.

कान कधी गेले, ते त्याला कळलंच नाही. असं कसं, म्हणाल? अहो, म्हातारपण काय घंटा वाजवत येतं? घरात बायकोचा आवाज चढला, पण तो आधीही चढाच असायचा. संशय घ्यायचा तरी कसला? गॅरेजात मात्र वर्षभर मोटरी पटापट मरत होत्या. "हल्लीचा माल भिकार," असं म्हणत तो त्या मागच्या पिंपात फेकायचा.

एका सकाळी शाळेतल्या बाई आल्या. महिन्यापूर्वी वैद्यानंच त्यांच्या गाडीच्या खिडकीची मोटर बदलली होती, आणि काच पुन्हा अर्ध्यावर अडकली होती. जुनी मोटर त्यांनी तेव्हा मागून घरी नेली होती. ती त्यांनी त्याच्यासमोर आदळली.

"माझ्या भावानं बॅटरीला लावून पाहिली. चांगली चालतेय ही!"

"शक्य नाही बाई. मी कान लावला होता."

"मग लावा ना बॅटरीला. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्यानं दोन तारा जोडून मोटर कानाशी धरली. चिडीचूप. "बघा!" तो तोऱ्यात म्हणाला. पण बाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. त्यानं मोटर खाली घेतली. दात्यांचं चाक गरगर फिरत होतं, आणि तळव्याला थरथर लागत होती.

तो तडक पिंपाकडे गेला. एक मोटर काढून जोडली, फिरली. दुसरी फिरली. तिसरीही. एक सोडली तर सगळ्या फिरल्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं त्याला.

"बाई, चूक माझी," तो म्हणाला. "तुमचं नुसतं रबर वाळलं असणार. माझे कान गेलेत." मग दादाकडे वळून म्हणाला, "दादा, मी चांगल्या मोटरी काढल्या रे."

दादानं गल्ल्यावरूनच त्याच्याकडे पाहिलं. "तुला ऐकू येत नाही, हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

दादानं बाईंकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय नव्या मोटरी खपत होत्या."

वर्षभरात नकळत ओठ वाचायची सवय लागलेल्या वैद्याला शब्द न् शब्द कळला. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून जन्मभर गप्प बसलेला माणूस तो. पण आज त्याचं टाळकं सरकलं.

"ऐकू येत नाही मला!" तो ओरडला. "मोठ्यानं बोल! बाईंना कळू दे!"

"नव्या मोटरी खपत होत्या म्हणून!" दादाही भडकला. "आणि तुझं कामही त्यावरच टिकलं! बहिऱ्याला कोण ठेवतं रे?"

समोरचा पंक्चरवाला हातातलं चाक तसंच धरून बघत राहिला. वैद्याला केवढं हलकं वाटलं! झालं एकदाचं, सगळं चार लोकांत आलं. आता निदान आपण मुद्दाम फसवलं नाही, एवढं तरी खरं ठरलं. त्यानं आशेनं बाईंकडे पाहिलं.

बाईंनी मोटर पिशवीत टाकली. वर्गात बोलायची सवय त्यांना. एकेक शब्द सुटा, ओठांवरून स्वच्छ वाचता यावा असा.

"छान नाटक करता दोघं भाऊ. किती वर्षं चाललंय हे?"