तिसरं कुलूप

माझ्या भागीदाराने मला फसवलं आणि मी माझ्या चुलत्यांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने ऊसतोडणीच्या पाळ्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची ठरवली. चार खिडक्यांवरचे कारकून यादी वाचून शेतकऱ्यांना पाळी सांगणार, पाचवा नोंदी घालणार. मी आणि भागीदार असे प्रोग्रॅम लिहून द्यायचो; घासाघीस करून ते काम मीच मिळवलं होतं.

वाचणारे एका वेळी कितीही चालतील, पण लिहिणारा आत असताना दुसरं कुणी नको. यंत्राकडे प्रोग्रॅममधलं साधं कुलूप तेवढं होतं: धर आणि सोड; एकाने धरलं की तो सोडेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. त्यातूनच सगळं उभं करायचं होतं. एक कुलूप यादीला, दुसरं आत किती वाचणारे आहेत त्या आकड्याला. पहिला वाचणारा यादीचं कुलूप धरणार, शेवटचा सोडणार. पण वाचणारे येतच राहिले तर शेवटचा येणार कधी? म्हणून तिसरं कुलूप मी दाराबाहेर ठेवलं. लिहिणारा आला की ते धरायचा, नवे वाचणारे त्याच्या मागे थांबायचे.

चाचणीच्या दिवशी नोंद घालताना चारही खिडक्यांवरचे कॉम्प्युटरचे पडदे क्षणभर अडले. कारखान्याचे शेतकी अधिकारी हसले, "तुमचं यंत्र गाभण म्हशीवानी मधीच बसतंय की!"

मी संतापून बाहेर पडलो. भागीदार आत राहिला. दुसऱ्या दिवशी पडदे अडेनात.

"काय केलंस?"

"जरा सफाई केली, गड्या. तुझं सगळं हाय तसं हाय."

मी उघडून पाहिलं नाही.

हंगाम सुरू झाला, खिडक्यांवर झुंबड उडाली. चुलत्यांच्या लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख यादीत चुकीची पडली होती आणि त्यांची पाळी मागे गेली होती. दुरुस्तीचा कागद त्यांनी वेळेत दिला. नोंद घालणारा दिवसभर ताटकळला, वाचणारे संपेनात. संध्याकाळी त्याने वैतागून यंत्र बंद केलं, नोंद गेली. हे मला फार नंतर कळलं. तोवर ऊस तुरे येऊन वाळला होता.

चुलते सांगलीला माझ्या खोलीवर आले. "आरं, कागद म्या सोताच्या हातानं दिलाय."

"तात्या, यंत्र चुकत न्हाई. तुमीच उशीर केला असंल!" मी ओरडलोच.

पलटणीत उमेदीची वर्षं वेळेवर उभा राहिलेला माणूस. "व्हय? मग माझंच चुकलं म्हणायचं," एवढंच बोलून उठले. चहासुद्धा घेतला नाही.

उन्हाळ्यात प्रोग्रॅमची छापील प्रत हाती आली. तिसरं कुलूप त्यात नव्हतं; म्हणूनच तात्यांची नोंद दिवसभर बाहेर अडकली होती. सांगायला गावी गेलो, तर पारावर चार माणसांत तात्या म्हणाले, "पुतण्याचं यंत्र लय हुशार. म्या म्हाताराच चुकलो." माझं तोंड उघडलं नाही. पुढेही उघडलं नाही. तात्या तसेच गेले.

भागीदार मिरजेत आहे, धडधाकट आहे. त्याला विचारतो: मला न सांगता ते कुलूप का काढलंस, आणि विचारल्यावर खोटं का बोललास? माझ्या वाटचं मी इथं लिहिलं. तुझ्या वाटचं गावी येऊन माझ्या चुलतीसमोर सांग.