सोळावी मोटर

गोटीराम प्लंबर मूळचा सारसोळ्याचा. बाप खाडीत मासे धरायचा. खाडीत मासळी उरली नाही तसा गोटीरामने पाना हातात घेतला. नेरूळमधल्या कित्येक जुन्या इमारतींच्या मोऱ्या त्याने उपसल्या, पण त्यातल्या एका इमारतीचं नाव काढलं की तो आजही थुंकतो.

चार मजली, सोळा बिऱ्हाडांची. गच्चीवरची टाकी फुटलेली, त्यामुळे पाणी सकाळी तासभर थेट नळाला यायचं. ते सगळ्यांना पुरायचं. मग पहिल्या मजल्यावरच्या रणजीतने गोटीरामकडून नळाच्या पाइपला मोटर बसवून घेतली. लाईनीतलं पाणी ती ओढून घ्यायची, वरच्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. त्याच्याशी कोणी भांडलं नाही. वरच्यांनीही मोटर लावायला गोटीरामलाच बोलावलं. दोन वर्षांत पंधरा मोटरी बसल्या, सगळ्या त्याच्या हातच्या. सगळ्यांनीच लावल्या तर फायदा कोणालाच नाही, हे तो दरवेळी सांगायचा. जो तो म्हणायचा, आधी खालच्याला काढायला सांग.

राहिली फक्त चौथ्या मजल्यावरची उज्वलाताई. तिचा नवरा बाबासो बाजारात हमाली करून पाठीतून गेलेला. ती गेटजवळच्या नळावरून हंडे वर न्यायची.

गणपतीनंतर पाण्याला वास यायला लागला. महिन्याभरात सहा जणांना कावीळ झाली. सेक्रेटरी श्यामसुंदर यांची मुलगी वैदेही पंधरा दिवस दवाखान्यात होती. गोटीरामने जमीन खणली. मुख्य पाइप गटारातूनच गेला होता, आणि त्याला बोटभर चीर पडली होती. चिरेत काळा गाळ, केसांचं गुंतवळ आणि कोणाच्या तरी खरकट्यातली शितं अडकली होती.

त्याने सगळ्यांना खाली बोलावून ते दाखवलं. लाईन रिकामी झाली तरी मोटरी ओढतच राहतात, मग पाण्याऐवजी गटार ओढलं जातं, हे सांगितलं. एक बाई तिथेच ओकली. चीर बुजवता येईल, पण अख्खा पाइप सडलाय, नवीन टाकेपर्यंत मोटरी बंद ठेवा, असं तो म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले. एका रविवारात त्याने पंधरा मोटरी सोडवल्या.

पुढचे बारा दिवस पाणी बारीक आलं, पण चौथ्या मजल्यापर्यंत आलं.

तेराव्या दिवशी सकाळी तो बुजवलेली चीर तपासायला गेला. पाइपाला हात लावला तर पाइप थरथरत होता. त्या थरथरीचा माग काढत तो दुसऱ्या मजल्यावर, श्यामसुंदर यांच्या दारात पोचला. मोरीत मोटर चालू होती. आवाज होऊ नये म्हणून तिला वैदेहीची जुनी दुलई गुंडाळली होती.

"साहेब, याच पान्यानं तुमची पोर आजारी परली," गोटीराम म्हणाला.

"म्हणून तर आता फिल्टर बसवलाय," श्यामसुंदर शांतपणे म्हणाले.

गोटीरामने खाली येऊन भेटेल त्याला हे सांगितलं. लोक सेक्रेटरीला जाब विचारतील असं त्याला वाटलं होतं. दुपारपर्यंत त्याला पाच जणांचे फोन आले: आमचीही परत बसवून दे. तो नाही म्हणाला, तर त्यांनी दुसरा प्लंबर आणला. आठवड्यात पंधराच्या पंधरा मोटरी जागेवर, शिवाय घरोघरी फिल्टर. पुन्हा वास सुरू झाला. नव्या पाइपाचं नाव कोणी काढेना.

दोन महिन्यांनी त्याला उज्वलाताईने बोलावलं. दारात नवी मोटर खोक्यात होती.

"भाऊ, एवढी बसवून द्या," ती म्हणाली. "काय वर येतंय ते ठावं हाय मला. पर गुडघं चालंनात आता. आन् ह्या समद्या बिऱ्हाडांपायी मी किती दिस मरू?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याला तिला नाही म्हणता आलं नाही. बटण दाबल्यावर नळ खोकला, आधी पिवळट पाणी आलं, मग जरा नितळ. नाकाला कुबट वास आलाच. तिने पदर नाकाला लावला आणि बादली नळाखाली सरकवली.

"उकळून घ्या ताई," एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला. दोन्ही बाजूंच्या बंद दारांमागे मोटरी घरघरत होत्या. त्याला त्या घरांचा संताप येत होता, आणि आपल्या हातांकडे बघवत नव्हतं.