मध्यंतरापर्यंतचा गुंडाप्पा

गुंडाप्पा सिनेमा मध्यंतरापर्यंतच बघायचा. तिकीट पूर्ण, सिनेमा अर्धा. कारण विचारलं की म्हणायचा, "म्या मेलो की. आता थांबून काय करू?"

सिनेमातला नायकाचा मित्र म्हणजे आपणच, हे त्यानं शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. बाकीची पोरं नायक बघून केस वाढवायची. गुंडाप्पा मात्र गाडीच्या मागच्या सीटवर बसणारा, नायकासाठी मार खाणारा आणि मध्यंतराला त्याच्याच मांडीवर जीव सोडणारा माणूस हुडकायचा. सापडला की माझ्या बरगडीत कोपर मारायचा, "ह्यो बघ मी." मित्राला गोळी लागली की हा अंधारात चप्पल चाचपायला लागायचा. मला याचा भयंकर राग यायचा. कारण आमच्या ईट गावाहून धाराशिवला आम्ही त्याच्याच मोटारसायकलवर जायचो. त्यामुळं इतक्या वर्षांत मीही एका सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

एरवी माणूस कामाचा. ईटला त्याची खव्याची भट्टी आहे. दूध कढईत पडलं की खवा उतरेपर्यंत त्याचा हात थांबत नाही. पाहुणा येवो, फोन वाजो, उलथणं फिरतंच.

गावानं त्याला आणखी एक काम लावलं होतं. आमच्याकडं मुलगी बघायला जाताना एक बोलका माणूस सोबत लागतो. नवरदेवानं मान खाली घालून पोहे खायचे आणि सोबतच्यानं विचारायचं, नाव काय, शिक्षण किती, मामाचं गाव कोणतं. गुंडाप्पा यात पटाईत. हल्ली पोरी मिळायची मारामार, तरी हा ज्याच्यासोबत गेला त्याचं हमखास जमायचं. त्याचं स्वतःचं वय मात्र तिशी ओलांडून गेलं. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "मित्राचं लगीन कंच्या पिच्चरमधी झालंय?"

त्याची आई गंगम्मा कपाळाला हात लावायची. "मेल्या, तुज्या बापानं पिच्चर बघितलं असतं, तर तू जन्मलाच नसतास!"

गेल्या वर्षी आम्ही वैजनाथसाठी तामलवाडीला मुलगी बघायला गेलो. वैजनाथ आमचा दोस्त. बँकेत नोकरी, उंच, देखणा आणि चारचौघांत दगड. मुलगी मल्लिनाथ अण्णांची शिवकन्या. पोहे झाले, ती पाटावर येऊन बसली. गुंडाप्पानं रीतीप्रमाणं सगळं विचारलं. मग अण्णा लेकीला म्हणाले, "तुला बी काय इचारायचं तर इचार."

शिवकन्यानं वैजनाथला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

वैजनाथनं गुंडाप्पाकडं बघितलं. गुंडाप्पा म्हणाला, "त्याला क्रिकेट आवडतं."

"तिखट चालतं का?"

"त्याला चालतं, पर बेतानं."

"पिच्चर बघता का?"

इथं गुंडाप्पाचा पाय घसरला. वैजनाथ राहिला बाजूला आणि यानं आपलं मरणपुराण पहिल्यापासून सांगितलं. अण्णा जांभया द्यायला लागले. शिवकन्या मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "म्या बी शेवटपातूर बघत न्हाय. नायिकेच्या मागं नाचणारी तिची मैतरीण असती का न्हाय? ती मी. गाणं झालं की तिला कुणी इचारत न्हाय. मी बी तवाच उठते."

गुंडाप्पा पुढचा प्रश्न विसरला. मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

दोन-चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. वैजनाथला नकार होता. वर एक चौकशी होती, त्या बोलणाऱ्या पाव्हण्याचं लगीन झालंय का?

गुंडाप्पाचा चेहरा पडला. "दोस्तासाठी बघितलेली पोरगी! मित्र आसं करत न्हाय."

"आरं, तिनं मला न्हाय म्हणलंय, तुला न्हाय!" वैजनाथ ओरडला. गंगम्मा चिडली नाही, रडायलाच लागली. "आता सोडलंस तर माज्या जित्यापणी तुजं लगीन हुत न्हाय." गुंडाप्पा ढिम्म. फक्त एवढंच म्हणाला, की फोनवर नकार देणं बरं नाही, जाऊन सांगू.

आता गुंडाप्पाच्या सोबत बोलायला कोण जाणार? वैजनाथ. त्याचीच हरकत नाही हे दिसायला हवं, म्हणून दुसरा कुणी रीतीत बसेना.

तामलवाडीला पोहे आले. गुंडाप्पानं मान खाली घातली ती वर काढेना. सगळे वैजनाथकडं बघायला लागले. शेवटी त्यानं खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, "ह्यो गुंडाप्पा. खवा चांगला करतो." बस्स, भाषण संपलं.

मग गुंडाप्पाच ताटलीकडं बघत पुटपुटला, "म्या न्हाय म्हणायला आलोय. मित्राचं काम मधल्या सुट्टीपातूरच असतंय."

शिवकन्या आज पाटावर नव्हती, दारात उभी होती. तिनं विचारलं, "दूध आर्धं आटलं की कढई उतरवता का?"

गुंडाप्पानं झटकन मान वर केली. "छ्या! नासाडी हुईल की."

"मग सोताची का उतरवता?"

गुंडाप्पा मान खाली घालून पोहे खायला लागला. आमच्याकडं याला होकार म्हणतात.

वैशाखात लग्न झालं. नव्या जोडप्यानं मला आणि वैजनाथला धाराशिवला सिनेमाला नेलं. आम्ही दोघं त्यांच्या मागच्या रांगेत. पडद्यावर नायिकेची मैत्रीण नाचली आणि गेली. गुंडाप्पा बायकोकडं वाकून म्हणाला, "तुमचं गाणं झालं. उठायचं का?"

"आता कशाला उठू? तुम्ही इचारलंत की."

मग नायकाच्या मित्राला गोळी लागली. सवयीनं मी उभा राहिलो. गुंडाप्पाचा पायही चप्पल शोधायला लागला, पण चप्पल शिवकन्यानं आधीच आपल्या पायाखाली दाबून धरली होती.

"बसा," ती म्हणाली. "जित्ते हाव तुम्ही."

तो बसला. मीही बसलो. सिनेमा तसा सुमारच होता, शेवटी नायकाचं लग्न लागलं. दिवे लागले, लोक बाहेर पडले, तरी गुंडाप्पा पांढऱ्या पडद्याकडं बघतच होता. मग मागं वळून मला म्हणाला, "आरं, एवढं सगळं म्होरं असतंय व्हय!"