पानात न मावलेला अंतरा

हे लिहावं की नाही, ते मला अजून नीट कळत नाही. मी एकदा घाईत मासिकाचं एक पान लावलं, आणि माझ्या वडिलांनी स्वतःचं गाणं पुरं म्हणणं सोडून दिलं. एवढंच घडलं आहे. पण ते मला कसं दुरुस्त करायचं हे सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पेट्या भरतात. जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारासमोर आणि आसपासच्या गावांत गातात. गाणी स्वतःच रचतात. मी पाचवीत होते तेव्हापासून ते सांगायचे आणि मी वहीत लिहायचे, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही.

आमच्याकडच्या या गाण्यांत एक रीत आहे. गाणं कुणाचं, हे वेगळं सांगायचं नाही. शेवटच्या अंतऱ्यात रचणाऱ्याचं नाव येतं, की लोकांना कळलं. आणि त्याच रीतीला लागून एक खोडही आहे. दुसऱ्याचं गाणं आवडलं, की काही जण शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव बसवून ते म्हणतात. सगळ्यांना माहीत असतं, सगळे हसतात, आणि त्या माणसाची थोडी किंमत जाते.

दादांचं एक गाणं पाटीवर आहे. पहिल्या अंतऱ्यात आजोबांना पाटी मिळत नाही, दुसऱ्यात दादांना मिळते, तिसऱ्यात ती फुटते. चौथ्यात दादांचं नाव येतं आणि पुढे, ‘म्हणे, आता पाटी लेकीच्या हाती’. ते नाव मी इथे लिहीत नाही. दादांना विचारलं तर म्हणाले, "आता कुठं नको."

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मला गाण्यांच्या एका मासिकात अर्धवेळ काम मिळालं. नाशिकच्या जुन्या बाजारात, वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. घरात कुणी कधी ऑफिसात बसलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या टोकावर इतकी अवघडून बसले, की संपादक सर म्हणाले, "पूर्ण बस, खुर्चीसुद्धा आपलीच आहे."

हे मासिक सरांच्या वडिलांनी सुरू केलं. आधी ती चार पानी गाण्यांची पुस्तिका होती, एस.टी. स्टँडवर विकली जायची. कॅसेटच्या काळात तिचं मासिक झालं. सिनेमाची गाणी, भजनं, लावण्या, जयंतीची गाणी, पेटी शिकणाऱ्यांसाठी स्वरलिपी असं सगळं त्यात येऊ लागलं. पुढे मुलाखती आल्या, नंतर मोबाइलवरच्या व्हिडिओंची परीक्षणं आली. वादही भरपूर झाले. एकदा स्वरलिपी चुकली, तर गायनाच्या क्लासचे एक गुरुजी पेटी घेऊन जिना चढून आले आणि चुकीची चाल जशीच्या तशी वाजवून दाखवली. एकदा बँड पार्ट्यांची क्रमवारी छापली, तर शेवटच्या नंबरची पार्टी खाली रस्त्यावर उभी राहून दुपारभर वाजवत होती. डीजेला पहिल्यांदा पान दिलं तेव्हा ब्रासबँडवाल्यांनी अंक घेणंच बंद केलं. या वादांची कात्रणं सरांनी फ्रेम करून भिंतीवर लावली होती. पाहुणा आला की ते एकेका फ्रेमसमोर उभे राहून सगळा किस्सा सांगायचे.

माझं काम गाण्यांच्या पानांचं होतं. गाणं ऐकायचं, टाइप करायचं, पानात बसवायचं. सरांच्या वडिलांपासून नियम होता, एक गाणं एका पानात, ध्रुवपद आणि तीन अंतरे. वर गायकाचं नाव. जास्त असेल तर खालून कापायचं.

जयंतीच्या अंकासाठी सरांनी मला एक व्हिडिओ दिला. एका तरुण गायकाने नव्या वाद्यवृंदावर गायलेलं दादांचं पाटीचं गाणं. तो फार गाजत होता. त्याने चारही अंतरे म्हटले होते आणि नावही दादांचंच ठेवलं होतं. त्याचा काही दोष नाही. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन एकटीच चहा पिऊन आले. सरांना मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, नवी पोरगी आली आणि लगेच घरच्यांची वर्णी लावायला लागली. मी कुणाकडे काही मागायला आलेली नाही, हे मला दाखवायचं होतं.

पान लावलं तर चार ओळी जास्त झाल्या. परीक्षा तोंडावर होती. मी खालून चार ओळी कापल्या. मनात आलं, गोष्ट तर तिसऱ्या अंतऱ्यात पुरी होते. वर गायकाचं नाव टाकलं आणि पान पुढे दिलं.

अंक मी घरी नेला. दादांनी हात धुतले, अंक मांडीवर घेतला, ओळीखाली बोट धरून वाचलं. मग पान उलटून मागे पाहिलं.

"फुडं हाय का?"

"नाही दादा. जागा नव्हती."

"बरं," म्हणाले, आणि अंक आईला दाखवायला गेले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जयंतीला संध्याकाळी विहारासमोर दादा गायला उभे राहिले. तीन अंतरे झाले. चौथ्यात नाव घेतलं तसा पुढे बसलेला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "काका, दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव नका ना घुसवू." त्याच्या मोबाइलवर आमच्या मासिकाच्या पानाचा फोटो होता. वर गायकाचं नाव, खाली तीन अंतरे, संपलं. "हे बघा, छापलंय." मोबाइल हातोहात फिरला. कुणी ओरडलं नाही. लोक हसले, तसेच, जसे नेहमी अशा माणसाला हसतात. व्हिडिओत चौथा अंतरा आहे, असं मी म्हणाले. तो मुलगा म्हणाला, "व्हिडिओ अर्धाच फिरतो ताई, पुरा कोण बघतं. आणि व्हिडिओत कुणी काय पण घालतं. छापलेलं खरं."

दादांनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं आणि खाली बसले. तेव्हापासून त्यांनी ते गाणं म्हटलं, तर तिसऱ्या अंतऱ्यावर थांबतात.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललीस?"

"लाज वाटली सर."

"आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटते."

मी म्हणाले, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. सरांनी टेबलाचा सर्वात खालचा खण उघडला आणि एक जाड फाइल माझ्यासमोर ठेवली. त्यात पत्रं होती. पोस्टकार्डं, वहीचे कागद, एक तर लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेलं. कुणी सटाण्याकडचा, कुणी विंचूरचा, कुणी पेठच्या बाजूचा. सगळ्यांचं म्हणणं एकच. माझं गाणं छापलं, आभारी आहे, पण शेवटचा अंतरा राहिला, त्यात माझं नाव होतं, कृपया छापावा.

"एकाचं छापलं तर सगळ्यांचं छापावं लागेल," सर म्हणाले. "वडील म्हणायचे, आपण गाणी पोचवतो, माणसं नाही."

भिंतीवरच्या फ्रेमांमध्ये यातलं एकही पत्र नव्हतं. मी जुने अंक काढून बसले. पानामागून पान, तीन अंतरे आणि संपलं. हे सगळं कुणी वाईट मनाने केलेलं नव्हतं. पानाचा आकार तेवढा होता, एवढंच.

मग कळलं की मासिकच बंद होतंय. म्हणजे छापील. पुढे फक्त मोबाइलवर. एकच अंक उरला होता. मी रोज सरांना तेच विचारायला लागले. ते कंटाळून म्हणाले, "बरं, पण साक्ष आण. गाणं तुझ्या वडिलांचं, सांगणारी तू. लोक काय म्हणतील? मुलीने बापाचं नाव घातलं."

वही दाखवली असती, तर तीही माझ्याच अक्षरात.

दादांनी गाणं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ढोलकीवर बसलेले मामा आता देवळाली कॅम्पला मुलाकडे राहतात. मी बसने तिकडे गेले. त्यांनी लगेच ओळखलं, चहा सांगितला, गाणंही आठवलं. पलंगाच्या कडेवर ठेका धरून चारही अंतरे म्हटले. चौथ्यात नाव मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

"मामा, इथे दादांचं नाव होतं."

"हां, होतं ना. आता लय वर्षं मी माझंच घेतो." ते मोकळेपणाने हसले. "तुझ्या बापाला माहीत हाय. तो काय बोलला नाय कधी."

"मग लिहून द्याल?"

त्यांनी खोलीत असलेल्या सुनेकडे आणि नातवाकडे पाहिलं. "आता ह्या पोरांना वाटतं माझंच हाय. कशाला बाई उकरायचं."

परत येताना बसमध्ये मी तोंडावर ओढणी धरून बसले होते.

शेवटी सरांनीच सांगितलं, तूच लिही, पूर्ण नावाने सही कर, मग जे व्हायचं ते होवो. मी लिहिलं की अंतरा मी कापला, जागा नव्हती म्हणून, आणि गाणं रचणारे माझे वडील आहेत. खाली चौथा अंतरा दिला. सगळ्या पत्रवाल्यांचे अंतरेही द्या, असं मी म्हणाले. सरांनी फाइलवर हात ठेवला. मग म्हणाले, तेवढी पानं नाहीत.

अंक आला. दादांनी हात धुतले, मांडीवर घेतला, बोट धरून वाचलं. अंतऱ्यापाशी बोट थांबलं नाही. खाली माझ्या सहीवर थांबलं. माझं नाव, मग त्यांचं नाव, मग आडनाव. मासिकात इतके महिने मी माझं नाव आणि आडनाव एवढंच लिहीत होते, सुटसुटीत दिसतं म्हणून. कॉलेजच्या वहीवरसुद्धा तसंच.

"हितं हाय की मी," ते म्हणाले.

आई आतून म्हणाली, "लग्न होईस्तोवर."

दुरुस्ती वाचून कुणी काही बोललं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. शेवटचा अंक फार कुणी घेतलाच नाही. मोबाइलवर अजून तेच जुनं पान फिरतं. त्या मुलाला मी अंक नेऊन दिला. त्याने तो चाळला, म्हणाला, "तुमचंच मासिक ना ताई?"

परवा मी दादांना म्हटलं, आता तरी चौथा म्हणा. ते द्राक्षांच्या पेटीचा खिळा लागलेलं बोट चाचपत होते.

"मी नाय. मी म्हटलं तर चोरी वाटती. तू म्हण."

"मला सूर नाही दादा."

"नसू दे. दुसऱ्याचं नाव कुणी चोरून घालत नाय."

येत्या रविवारी दिंडोरीला कार्यक्रम आहे. दादा तीन अंतरे म्हणतील आणि माझ्याकडे पाहतील. मी रोज मोरीचं दार लावून, नळ सोडून चौथा अंतरा म्हणते. पहिल्या ओळीत त्यांचं नाव आहे, ते वरच्या पट्टीत आहे, आणि नेमका तिथेच माझा आवाज फुटतो.