साळवीकाकांचा अंगठा

"काका, अंगठा लावा की. दोन सेकंदांचं काम," हवालदार फोन पुढे करत म्हणाला. माझे अशील साळवीकाका अंगठा मुठीत दाबून बसले होते.

पेणकरपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी अनोळखी नंबरवरून चेअरमनना घाणेरडी धमकी टाकली होती. काका पार्किंगवरून चेअरमनशी भांडलेले, त्यातून एकटे राहणारे. संशय त्यांच्यावरच आला.

मी माझं तुणतुणं सुरू केलं. पासवर्ड डोक्यात असतो. तो जबरदस्तीने सांगायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. अंगठ्याचं काय, यावर कोर्टांचंच अजून एकमत नाही. पोलीस म्हणतात, नुसता ठसा आहे. मी म्हणते, नुसत्या ठशाने माणसाचं अख्खं घर उघडत नाही.

"मॅडम, काही केलं नाही तर घाबरायचं कशाला?" पीएसआय साहेब म्हणाले. "नाहीतर फोन जप्त करून लॅबला पाठवतो. बसा मग वाट बघत."

फोन जाणार म्हटल्यावर काकांचा चेहराच उतरला. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. "उघडतो हो मी. पण ह्या दोघांसमोर नको."

दोघे म्हणजे पंच. पोलीस काय तपासतात ते बघून सही करणारे साक्षीदार. साहेबांनी सोयीचे म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी आणि काकांचे शेजारीच आणून बसवले होते.

"बिल्डिंगीत सांगून ठेवलंय, लेक कॅनडातून रोज फोन करतो म्हणून."

"आणि?"

"गेल्या वर्षी गणपतीत केलान. तो शेवटचा."

मला भरून आलं. पण वकिलाला भरून येऊन चालत नाही.

"साहेब, तक्रारदाराच्याच सोसायटीचे पंच? कोर्टात टिकतील का?"

साहेब कुरकुरले. मग बाहेरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला बोलावून घेतले.

काकांनी अंगठा लावला. धमकी नव्हतीच. कॉल लिस्टमध्ये गॅस, बँक, आणि बाळू, बाळू, बाळू. सगळे इकडून लावलेले, एकही उचललेला नाही. चहावाल्याने मान खाली घालून सही केली.

बाहेर सेक्रेटरी उभेच. "काय काका, मुलाला कळवलंत की नाही?"

"तर! लगेच फोन आला त्याचा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, माझ्यासमोरच बोलले," मी म्हटलं. खोटी साक्ष देऊ नका, असं प्रत्येक अशिलाला बजावणारी मी.

रिक्षात बसल्यावर काकांनी पुन्हा अंगठा लावला आणि फोन कानाला धरला. रिंग वाजत राहिली.

फोन झाकणाऱ्याकडे काहीतरी असतंच, असं पोलीस धरून चालतात. काही नसणंही झाकावं लागतं, हे कायद्याच्या पुस्तकात मला अजून सापडलेलं नाही.